मुखशल्यविद्येचे पाठ्यग्रंथ आणि रुग्णाची बोली

पाठ्यग्रंथाचे मूल्यमापन करताना आशयाची अचूकता, आकृत्यांची स्पष्टता व माहितीची अद्ययावतता एवढ्या कसोट्या सामान्यतः पुरेशा मानल्या जातात. परंतु अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणीच्या ग्रामीण दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी मुख व जबड्याची शल्यविद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या ग्रंथास आणखी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. रुग्णाचे बोलणे ऐकावयास तो ग्रंथ शिकवितो काय?

पीटरसन व सहकाऱ्यांचा 1988 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला ग्रंथ दाढ काढण्याच्या क्रियेचे विवेचन मोठ्या शिस्तीने करतो. त्याची भाषाही अनुकरणीय आहे. मात्र पदवीचा विद्यार्थी व सामान्य दंतवैद्य हाच त्याचा मुख्य वाचक होय. नीलिमा मलिक यांनी संपादिलेला ग्रंथ भारतीय विद्यार्थ्यास अधिक जवळचा. सुपारीच्या सेवनाने तोंडाचे अस्तर ताठर होत जाऊन तोंड उघडेनासे होते, तो सबम्यूकस फायब्रोसिस हा विकार आपल्याकडे नित्याचा. भारतात जोशी यांनी 1953 मध्येच त्याचे वर्णन केले होते. ग्रंथांत त्याचे आरंभीचे लक्षण दाह असे नोंदलेले असते आणि तोंडाची उघड मिलिमीटरांत मोजलेली असते. रुग्ण मात्र म्हणतो, “तोंड आलंय, तिखट सोसत नाही.” तोंड येणे म्हणजे व्रण, असा अर्थ घेऊन विद्यार्थी मोकळा होतो. गालाचे अस्तर चाचपून पाहावयाचे राहून जाते, आणि एकदा आलेला ताठरपणा सहसा मागे फिरत नाही.

याहून गंभीर प्रकरण संमतिपत्राचे. खालची अक्कलदाढ काढताना तेथील चेतातंतूस इजा झाल्यास ओठाची व हनुवटीची संवेदना महिनोन्महिने, क्वचित कायमची, हरपते. इंग्रजी ग्रंथ या अवस्थांना पृथक् संज्ञा देतात. मराठीतही ‘मुंग्या येणे’, ‘चुरचुरणे’, ‘जड वाटणे’ असे सूक्ष्म भेद आहेतच. परंतु संमतिपत्रात सर्वांची बोळवण ‘बधिरपणा’ या एकाच शब्दाने होण्याचा धोका असतो. आणि हाच शब्द दंतवैद्य सुई टोचतानाही वापरतो! ती बधिरता काही तासांत उतरते, हे रुग्णास ठाऊक असते. तेव्हा तो ज्यास संमती देतो ते संकट त्याच्या लेखी सायंकाळपर्यंतचे असते.

अखिल भारतासाठी इंग्रजीत लिहिलेल्या ग्रंथाने मराठी शब्द पुरवावेत, ही अपेक्षा अन्यायाची होईल. पण लक्षणांच्या यादीशेजारी रुग्णास कोणते प्रश्न विचारावेत आणि उत्तर त्याच्याच शब्दांत कसे नोंदवावे, हे सांगण्यास कोणत्याही भाषेची आडकाठी नाही. उरलेले काम विभागांचे. तोंड येणे, दातखीळ बसणे, जबडा निखळणे या प्रयोगांची अर्थासह टिपणे बाह्यरुग्ण विभागातच जमविता येतील.