‘वडील’ आणि ‘अध्यक्ष’ : दोन संज्ञांची चिकित्सा

आरंभकालीन ख्रिस्ती मंडळीच्या नेत्यांसाठी नव्या करारात ‘प्रेस्बुतेरॉस’ व ‘एपिस्कोपॉस’ अशा दोन ग्रीक संज्ञा येतात. प्रचलित मराठी बायबलमध्ये त्यांसाठी अनुक्रमे ‘वडील’ व ‘अध्यक्ष’ हे शब्द रूढ झाले आहेत. या शब्दांनी मूळ पदाचा आशय कितपत राखला, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

‘प्रेस्बुतेरॉस’ हे मूलतः तरभाववाचक रूप असून ‘अधिक वयाचा’ हा त्याचा अर्थ आहे. त्या दृष्टीने ‘वडील’ ही निवड सदोष म्हणता येत नाही. परंतु ग्रीकमध्ये हा शब्द पदवाचक झाला; मराठीत त्याच्या प्रतिशब्दाचा नात्याशी असलेला संबंध सुटला नाही. ‘वडील’ म्हणताच पिता आठवतो, ‘वडिलोपार्जित’ म्हणताच वारसा. जे पद नेमणुकीने यावयाचे, त्यास जन्मसिद्ध मानाची छटा येते.

दुसरी अडचण व्याकरणाची आहे. ‘वडील’ या शब्दाचे एकवचन व अनेकवचन एकरूप आहे. शिवाय आदरार्थी बहुवचनामुळे ‘वडील आले’, ‘वडिलांना बोलावले’ या वाक्यांत व्यक्ती एक की अनेक, हे कळत नाही. तीताला लिहिलेल्या पत्रात (१.५) नगरोनगरी नेमावयाचे वडील ग्रीकमध्ये निःसंशय अनेक आहेत. मंडळीचा कारभार एकाने पाहावा की अनेकांनी, हा ख्रिस्ती संप्रदायांतील जुना वाद लक्षात घेता ही संदिग्धता क्षुल्लक नव्हे.

‘अध्यक्ष’ या शब्दाची कथा निराळी आहे. ‘एपिस्कोपॉस’ म्हणजे वरून लक्ष ठेवणारा. कौटिलीय अर्थशास्त्राच्या ‘अध्यक्षप्रचार’ नामक दुसऱ्या अधिकरणातील अध्यक्ष हे आपापल्या खात्यावर देखरेख करणारे अधिकारी आहेत. तेव्हा हा प्रतिशब्द मार्मिकच होता. आजचा अध्यक्ष मात्र मुख्यतः सभेच्या खुर्चीवर बसतो. देखरेख मागे पडून मान पुढे आला. शिवाय प्रेषितांची कृत्ये (२०.१७, २८) येथे इफिसच्या त्याच माणसांना दोन्ही संज्ञा लाविल्या आहेत, हे मराठी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

आता पात्रतेकडे पाहू. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात वयाची अट नाही. संयम, आतिथ्य, शिकविण्याचे सामर्थ्य, धनलोभाचा अभाव, बाहेरच्यांमध्ये चांगले नाव, हे गुण तेथे सांगितले आहेत. उमेदवार विश्वासात नवखा नसावा, असे म्हटले आहे. म्हणजे परिपक्वतेचे माप विश्वासाचे आहे, वर्षांचे नव्हे. खुद्द तीमथ्यास त्याच्या तारुण्यावरून कोणी तुच्छ लेखू नये, असे तेच पत्र (४.१२) बजावते. घराची व्यवस्था नीट ठेवण्याची अट आहे खरी; पण तेथेही कुटुंबप्रमुखत्व हा हक्क नसून कसोटी आहे.

सारांश, रूढ शब्द टाकून द्यावेत असे आमचे म्हणणे नाही. अनेकत्व दर्शविण्यास ‘वडीलजन’ हे रूप उपयोगी पडेल. मात्र निवडीच्या वेळी केवळ पदनाम पुढे ठेवल्यास ज्येष्ठ घराण्याचा माणूस सहज पुढे येईल. गुणांची यादी पुढे ठेवल्यास कदाचित दुसराच कोणी येईल. भाषांतराचा प्रश्न येथे केवळ शब्दाचा राहत नाही.