रसविघ्न आणि ‘वन्स मोअर’

संगीत नाटकांतील पदें रसाला पोषक कीं मारक, हा वाद आपल्याकडे जुना आहे. एक पक्ष म्हणतो, दुःखानें व्याकुळ झालेलें माणूस ताना घेत नाहीं. दुसरा विचारतो, पदें वगळलीं तर उरतें काय? आमच्या मतें दोन्ही पक्ष रसाचें स्थानच चुकतात.

रस पात्राच्या ठिकाणीं नसतो, नटाच्याही नसतो. तो सहृदय प्रेक्षकाच्या आस्वादांत असतो. काश्मीरच्या अभिनवगुप्तानें सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं भरताच्या नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेंत हा सिद्धांत मांडला, आणि आस्वादाच्या आड येणारीं सात विघ्नेंही सांगितलीं. त्यांपैकीं एक म्हणजे प्रेक्षकानें स्वतःच्याच सुखदुःखांत गुरफटून राहणें. घरची विवंचना घेऊन आलेला गृहस्थ शकुंतलेच्या विरहाशीं तन्मय कसा व्हावा? यावर अभिनवगुप्ताचा उपाय मोठा मार्मिक आहे: गायन, वादन आणि रंगमंडपाची शोभा. म्हणजे गाणें हें व्यवहाराचें अनुकरण नव्हे; प्रेक्षकाला त्याच्या विवंचनेंतून सोडविण्याचें तें साधन आहे. पहिल्या पक्षाचा आक्षेप येथेंच गळून पडतो.

परंतु त्याच सातांत ‘अप्रधानता’ हेंही एक विघ्न आहे. गौण वस्तूवर चित्त विसावत नाहीं. विसाव्याची जागा स्थायी भावच. साधन साध्य होऊन बसलें, कीं रस गेला. दुसऱ्या पक्षानें हें लक्षांत घ्यावें.

‘एकच प्याला’चें उदाहरण घ्या. गडकरी १९१९ च्या जानेवारींत वारले. त्याच वर्षीं गंधर्व नाटक मंडळीनें हें नाटक रंगभूमीवर आणलें. पदें वि. सी. गुर्जरांचीं, सिंधू बालगंधर्वांची. दारूनें उद्ध्वस्त झालेल्या घरांतील त्या पत्नीचें पद प्रथम ऐकतांना शोक तिचाही राहत नाहीं, आपलाही राहत नाहीं. तो सर्वांचा होतो. हेंच साधारणीकरण. पण ‘वन्स मोअर’ची आरोळी उठून तेंच पद पुन्हां सुरू झालें, कीं सिंधू अंतर्धान पावते आणि गवई उरतो. दुसऱ्या वेळचा आनंद खोटा नव्हे; पण तो स्वरांचा, करुणाचा नव्हे.

दोष पदाचा नाहीं, एकट्या नटाचाही नाहीं. ‘सहृदय’ ही पदवी आपणच टाळ्यांच्या मोबदल्यांत विकली. आज तीं पदें बहुधा ध्वनिमुद्रणांतून, नाटकावांचूनच ऐकलीं जातात. त्यांत काय हरवलें हें पाहावयाचें असेल, तर वाचकांनीं नाटक एकवार वाचावें, पदापाशीं थांबावें, आणि तें मनांतल्या मनांत एकदांच म्हणावें.