‘नव्वद टक्के अचूक’ म्हणजे काय?

खारघरच्या एका शाळेतील विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग अलीकडेच आला. नववीच्या तीन मुलांनी एक स्टेथोस्कोप मांडला होता. त्याच्या नळीत छोटा मायक्रोफोन बसवून तो मोबाइलला जोडला होता आणि हृदयाचे ठोके पडद्यावर लाटांच्या रूपात उमटत होते. जोडणी नेटकी होती. मागच्या फलकावर बाजारात आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या स्टेथोस्कोपची माहिती होती आणि शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ: ‘हे यंत्र ९० टक्के अचूक आहे. त्यामुळे हृद्रोगतज्ज्ञांची टंचाई संपेल.’

मी विचारले, “या यंत्राने शंभर मुलांच्या हृदयात दोष आहे असे सांगितले, तर त्यांपैकी खरोखर किती जणांना दोष असेल?”

“नव्वद, सर.” तिघेही एका सुरात म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या विज्ञानशिक्षकांनीही मान डोलावली.

ती ओळ मुलांनी मनाने रचलेली नव्हती. तशी वाक्ये वृत्तपत्रांत आणि जाहिरातींत नेहमी येतात, आणि आपण शिक्षक ती न तपासता वर्गात नेतो. म्हणून त्या एका ओळीची तपासणी येथे करायची आहे.

तिचा टंचाईविषयीचा भाग खराच आहे. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, मग एमडीची तीन, मग डीएमची तीन. म्हणजे हृद्रोगतज्ज्ञ व्हायला किमान साडेअकरा वर्षे लागतात, प्रवेशपरीक्षांत जाणारी वर्षे वेगळीच. दुसरीकडे गरज पाहा. दर हजार जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. भारतात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. गुणाकार केला की दोन लाखांच्या आसपास आकडा येतो, आणि त्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाला पहिल्याच वर्षात उपचार लागतात. मुलांच्या हृदयावर विनामूल्य शस्त्रक्रिया करणारे श्री सत्य साई संजीवनी केंद्र आमच्या खारघरमध्येच आहे. तेथे दूरदूरच्या जिल्ह्यांतून आईबाप मुलांना घेऊन येतात, यावरूनही गरजेची कल्पना येईल.

आता शाळेकडे वळू. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्या परिचयाचा आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळेत एकदा येते. पथकात आयुष शाखेचे दोन डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. हृदयदोषाचा पहिला संशय बहुधा येथेच, साध्या स्टेथोस्कोपने घेतला जातो. या पथकाच्या हाती बुद्धिमान स्टेथोस्कोप दिला तर काय होईल, असा खरा प्रश्न आहे.

आधी यंत्र नेमके काय ओळखते ते पाहू. हृदयाच्या ‘लब्-डब्’ या दोन आवाजांच्या मध्ये कधी कधी फुंकरीसारखा तिसरा आवाज येतो. त्याला मर्मर ध्वनी म्हणतात. दोन जवनिकांमधल्या पडद्याला भोक असेल तर डावीकडच्या जास्त दाबाचे रक्त उजवीकडे जोराने शिरते आणि तो आवाज होतो. पण निरोगी हृदयातही रक्ताच्या वेगवान प्रवाहामुळे असा आवाज येऊ शकतो. निम्म्याहून अधिक निरोगी मुलांमध्ये बालपणात कधी ना कधी तो ऐकू येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली अशा एका प्रणालीला मान्यता दिली, ती मर्मर ध्वनी ओळखण्यासाठी. आवाज अचूक ओळखणे आणि रोग अचूक ओळखणे ही दोन वेगळी कामे आहेत. निरुपद्रवी आणि रोगजन्य ध्वनी वेगळे करणाऱ्या प्रणालीही त्यानंतर आल्या आहेत. आपण मुलांच्या बाजूने, उदार मनाने धरू की यंत्र रोगच ओळखते आणि तेही ९० टक्के अचूक.

समजा, एका भागातल्या २००० शाळकरी मुलांची तपासणी झाली. समजा, हजारात पाच जणांना दोष आहे, म्हणजे एकूण दहा. यंत्र त्यांपैकी ९ जणांना पकडेल, एक निसटेल. उरली १९९० निरोगी मुले. त्यांतल्या दहा टक्क्यांबाबत यंत्र चुकेल, म्हणजे १९९ निरोगी मुलांना ‘दोष आहे’ असे सांगेल. आता बेरीज करा. इशारा मिळालेली मुले २०८ आणि त्यांतली खरोखर आजारी ९. शंभर इशाऱ्यांमागे चार-साडेचार खरे! मुलांचे उत्तर होते नव्वद.

हेच यंत्र हृद्रोग रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात लावले, जेथे समजा दर दहांत एक मूल आजारी आहे, तर हजारांत ९० खरे इशारे आणि ९० खोटे, निम्मे खरे. यंत्र तेच, अचूकता तीच, उत्तर मात्र बदलले. रुग्णालयात चाचणी झालेले यंत्र शाळेत आणले की बातमीतला आकडा फसवतो तो येथे.

या २०८ मुलांचे पुढे इको करावे लागणार, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चलत्‌चित्र पाहावे लागणार. लहान मुलाच्या इकोला वीस मिनिटे धरली तरी हे सुमारे ७० तासांचे काम झाले. ते करणारा तोच बालहृद्रोगतज्ज्ञ, ज्याच्या टंचाईपासून आपण सुरुवात केली. यंत्राने रांग संपवली नाही, रुग्णालयाच्या दारात नेऊन उभी केली. आणि त्या रांगेत कुठेतरी ती नऊ खरी आजारी मुले आहेत, इतरांइतकीच वाट पाहत.

खोट्या इशाऱ्याची किंमत फक्त तासांत मोजायची नसते. माझ्या वर्गात पूर्वी एक मुलगी होती, डोंगरावरच्या पाड्यावरून चालत येणारी आणि खो-खोत चपळ. तपासणीत तिच्या छातीत आवाज आढळला. मोठ्या रुग्णालयाची तारीख लांबची मिळाली. आईची दर खेपेला मजुरी बुडायची. काही महिन्यांनी इको झाला आणि हृदय अगदी ठणठणीत निघाले. पण मधल्या काळात घरच्यांनी तिचे धावणे बंद केले होते आणि मैत्रिणी तिला ‘हार्टवाली’ म्हणू लागल्या होत्या. ती पुन्हा मैदानात उतरली नाही. मीही तेव्हा तिला सावलीत बसवून ठेवले होते, हे सांगितले पाहिजे.

मग उपाय काय? इशारा आणि इको यांच्या मध्ये माणूस हवा. प्रशिक्षित परिचारिका किंवा तंत्रज्ञ मुलाला झोपवून आणि उभे करून पुन्हा ऐकेल (निरुपद्रवी आवाज उभे राहिल्यावर बहुधा मंदावतो), वजन वाढते का, दम लागतो का, हे आईला विचारेल आणि रक्तातला प्राणवायू मोजेल. ही दुसरी पायरीही ९० टक्के अचूक आणि पहिलीपासून स्वतंत्र धरली तर २०८ मुलांतून पुढे जातील सुमारे २८, आणि त्यांत आठ खरी आजारी असतील. सत्तर तासांचे काम नऊ-दहा तासांवर आले. ‘स्वतंत्र’ हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे. तेच यंत्र दुसऱ्यांदा लावले तर ते तीच चूक दुसऱ्यांदा करण्याचा संभव मोठा. खारघरच्या केंद्राच्या पूर्ण नावातच बालहृद्रोगविषयक कौशल्यांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. मला तो यंत्रांच्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो.

यंत्रांना माझा विरोध आहे असा समज होऊ नये. पल्स ऑक्सिमीटर घ्या. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेली कल्पना साधी आहे: प्राणवायूयुक्त आणि प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन तांबडा व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, तर दोन्ही प्रकाश बोटातून पाठवून तुलना करा. कोविडच्या साथीत हा चिमटा घरोघरी पोहोचला. नवजात बाळाच्या उजव्या हातावर आणि पायावर तो लावला तर काही गंभीर जन्मजात दोष मिनिटांत लक्षात येतात. सुमारे २ लाख ३० हजार बाळांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या चाचणीने गंभीर दोष असलेल्यांपैकी सुमारे ७६ टक्के बाळे पकडली, पण निरोगी बाळांबाबत हजारांत एखाद-दुसरीच चूक केली. अमेरिकेत ज्या राज्यांनी ही चाचणी सक्तीची केली, तेथे गंभीर हृदयदोषाने होणारे अर्भकमृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे २०१७ मध्ये दिसून आले. या चाचणीच्या मर्यादाही आहेत: चारांत एक बाळ निसटते, आणि पडद्याला फक्त भोक असलेले बाळ निळे पडत नसल्याने ऑक्सिमीटरला ते कळतच नाही. परंतु ही चाचणी प्रसूतिगृहातली परिचारिका करू शकते आणि तिच्या इशाऱ्यांनी तज्ज्ञ बुडून जात नाही.

निदानाच्या पुढे तर माणसांची गरज आणखी वाढते, आणि तिच्याबद्दल बातम्यांत अवाक्षर नसते. तान्ह्या बाळाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली की अतिदक्षता विभागात त्याच्याजवळ अहोरात्र एक परिचारिका लागते. आठवड्याचे तास १६८. एकीचे काम ४८ तास. म्हणजे एका खाटेला साडेतीन, आणि रजा-आजारपण धरून चारांहून अधिक परिचारिका. दहा खाटांना चाळीस! त्यांतल्या किती जणी अनुभव येताच आखातात किंवा इंग्लंडला जातात, हे कोणत्याही रुग्णालयात विचारून पाहावे.

आपले दहावीचे संभाव्यतेचे प्रकरण नाणी, फासे आणि पत्ते यांवर थांबते. त्यातच हे उदाहरण बसवता येईल. दोन हजार दाणे मोजायला एक तास लागतो. दहा राजम्याचे, बाकी चवळीचे. मुलांनी स्वतः वाटे केले की गणित हाताला कळते.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी ती तिन्ही मुले वहीत हीच आकडेमोड करून आली. हजारात पाचाऐवजी पन्नास धरले तर काय होते, हेही त्यांनी स्वतःहून काढले होते: शंभर इशाऱ्यांत ३२ खरे. फलकावरची शेवटची ओळ त्यांनी कागद चिकटवून झाकली होती. बक्षीस आम्ही आदल्याच दिवशी ज्वालामुखीच्या प्रतिकृतीला देऊन बसलो होतो.