मैलाचा की शिवेचा?

'लँडमार्क' म्हटले की आपले समीक्षक 'मैलाचा दगड' म्हणून मोकळे होतात. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाला ही पदवी केव्हाच मिळाली. मीही वर्गात तीच घोकवली.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात जाताना मी बाबासाहेबांच्या पुतळ्याची खूण धरून जातो. ११ जुलै १९९७ रोजी त्याच पुतळ्याची विटंबना झाली. संतापून रस्त्यावर आलेल्या वस्तीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा जीव गेले. त्याला मैलाचा दगड म्हणवेल का? मैलाचा दगड पाहून वाटसरू पुढे जातो.

इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ जमिनीच्या हद्दीची खूण असा आहे. आपल्याकडे शिवेचा तंटा पडला की साक्षीला महार लागे. हद्द त्याला पाठ, घर मात्र गावकुसाबाहेर! बागुलांच्या शीर्षककथेतला रेल्वे कामगार जात लपवून भाड्याची खोली मिळवतो. जात कळताच मार खातो. शीव गावातच राहिली नव्हती, खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली होती, अशी ही साक्ष आहे.

यंदा फळ्यावरचे 'मैलाचा' खोडून मी 'शिवेचा' लिहिले. मुलांनी विचारले, "सर, परीक्षेत कोणते लिहायचे?"