बोलक्या परंपरेतला अबोल सिनेमा

मराठी चित्रपटावर नाटकाचं ऋण मोठं आहे. लेखक, नट, दिग्दर्शक एकांकिका स्पर्धांतून येतात आणि सोबत एक सवयही आणतात. नात्यात काही बिनसलं की दोघांनी समोरासमोर उभं राहून ते बोलून टाकायचं. रंगमंचावर अशा प्रसंगाला टाळी मिळते. पडद्यावर मात्र प्रेक्षकानं जे स्वतः ओळखायचं, तेच त्याच्या हातून काढून घेतलं जातं. गेल्या दहा-बारा वर्षांतले आपले मोजके संथ चित्रपट मला मोलाचे वाटतात ते यामुळे. अवघडलेल्या नात्यांना त्यांनी अवघडलेलंच राहू दिलं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा. स्मृती हरवत चाललेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीमागून चालत निघून जातात आणि माहुताच्या कुटुंबात विसावतात. अमृता सुभाषनं साकारलेली माहुताची कानडी बायको त्यांना लेकरासारखं सांभाळते. इकडे वडिलांना शोधणारी मुलगी इरा चिडते, दमते, अपराधी होते. मोहन आगाशे आणि इरावती हर्षे यांचं काम अव्वल आहे, पण चित्रपट पुष्कळ बोलतो. विचार संवादांतून समजावून देण्याचा मोह त्याला आवरत नाही.

अविनाश अरुण छायाचित्रणाकडून दिग्दर्शनाकडे आले आणि तो फरक ‘किल्ला’मध्ये लगेच जाणवतो. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बदली होऊन कोकणात आलेली आई आणि तिच्यावर रुसलेला अकरा वर्षांचा चिन्मय, दोघंही दुःखाचा उच्चार जवळजवळ करत नाहीत. अविनाश अरुण यांचाच हिंदी ‘थ्री ऑफ अस’ पुन्हा कोकणात जातो. स्मृतिभ्रंशाची चाहूल लागलेली शैलजा नवऱ्याला घेऊन बालपणीच्या गावी येते आणि तिथल्या जुन्या मित्राला, प्रदीप कामतला, भेटते. माझं लक्ष मात्र नवऱ्यावर खिळून राहिलं. आपल्या संसारात कधी न दिसलेली बायको त्याला इथे दिसते आणि हे दुखणं कुठे ठेवावं ते कळत नाही. स्वानंद किरकिरे यांनी हा माणूस लहान होऊ दिलेला नाही. काही संवाद जरा जास्तच सुघड झालेत, एवढीच माझी तक्रार.

रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ या सगळ्यांच्या पुढे जातो. 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक मायाळू आहेत आणि त्या मायेनंच त्याच्या लग्नाचा विषय काढत राहतात. आनंदला पुरुष आवडतात हे आईला ठाऊक आहे. एका मुलीमुळे त्याचं मन मोडलं, अशी गोष्ट तिनं नात्यागोत्यात पसरवून ठेवली आहे. ही आई (जयश्री जगताप) मला अलीकडच्या मराठी चित्रपटातली सर्वांत खरी व्यक्तिरेखा वाटते. तिचं खोटं हीच तिच्या प्रेमाची भाषा आहे आणि तेच मुलाच्या गळ्यातलं ओझंही आहे. आईनं मुलाला स्वीकारल्याचं भाषण इथे नाही. एका घरात वावरताना ती त्याच्यासाठी जागा करत जाते, एवढंच.

विकास उर्स यांचा कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी थांबून पाहतो. पार्श्वसंगीत नाही. त्यामुळे बालपणीचा मित्र बाळ्या आणि आनंद जवळ येतात तेव्हा कुठलीही सुरावट आपल्याला भावना सुचवत नाही. कोण कुणाकडे पाहतंय आणि कोण पाहायचं टाळतंय, हे आपणच टिपायचं. संथपणा इथे शोभेसाठी नाही. गावात एकांत मिळायलाच वेळ लागतो, म्हणून दृश्यंही वेळ घेतात. उलट पावसातलं कोकण ड्रोननं दाखवून वर बासरी वाजवणारे चित्रपट फक्त लांबतात.

अडचण आहे ती प्रदर्शनाची. ‘अस्तु’ 2013 मध्ये तयार झाला, चित्रपटगृहांत यायला 2016 उजाडलं. अशा चित्रपटांना गैरसोयीच्या वेळेचे खेळ मिळतात आणि ऐकीव कौतुक पसरण्याआधीच ते उतरतात. मग ते मोबाइलवर, दृश्य पुढे सरकवत पाहिले जातात. तिथे दोन माणसांमधली शांतता सर्वांत आधी वगळली जाते.

म्हणून चित्रपटगृहांना एक विनंती आहे. अशा चित्रपटाला संध्याकाळचा एकच खेळ द्या, पण तो तीन आठवडे टिकवा. आणि वाचकहो, तुम्ही पहिल्याच आठवड्यात तिकीट काढा.