अंगणवाडी : नाव आणि तत्त्व

बालशिक्षणाच्या मराठी परिभाषेत ‘अंगणवाडी’ या शब्दाइतका रुळलेला दुसरा शब्द क्वचितच आढळेल. तो ज्या प्रयोगातून आला, त्याचे स्मरण मात्र नावापुरतेच उरले आहे. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासह कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापिले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीच्या महागड्या साधनांची जागा तेथे शंखशिंपले, बिया, पाने व काटक्या यांनी घेतली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हे या प्रयोगाचे मूलतत्त्व होय.

2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने हे नाव देशभर नेले. पोषण व लसीकरण यांची जोड मिळाली, हा लाभ लहान नव्हे. तथापि शाळेने मुलाकडे जावयाचे म्हणजे त्याच्या कुटुंबाच्या दिनक्रमाकडे जावयाचे, हा अर्थ मागे पडला.

चाकण औद्योगिक पट्ट्यात ही उणीव विशेष जाणवते. महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या आहेत; तेथे अंगणच नाही. मराठवाड्यातून, बिहारातून, ओडिशातून आलेली कुटुंबे कंत्राटी कामावर राबतात. कारखान्याची पाळी आठ तासांची, अंगणवाडी मात्र दिवसातील मोजकेच तास उघडी. मधल्या वेळी धाकट्यास सांभाळते ती थोरली बहीण, आणि तिची शाळा बुडते. 1948 च्या कारखाना कायद्याने पाळणाघराची सक्ती केली होती, परंतु ती स्त्री कामगारांच्या संख्येवर बेतलेली. 1976 च्या दुरुस्तीने ही मर्यादा पन्नासवरून तीसवर आणली. मूल हे केवळ आईचेच, हे गृहीतक मात्र तसेच राहिले.

नेमक्या याच प्रश्नाला कोसबाडने ‘विकासवाडी’च्या रूपाने उत्तर दिले होते. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्याने भावंडे एकत्र येत आणि थोरलीच्या कडेवरचा भार शाळेच्या दारात उतरे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी काढलेली ‘कुरणशाळा’ हीदेखील याच विचाराची दुसरी शाखा. शासनाने अंगणवाडी उचलली, विकासवाडी टेकडीवरच राहू दिली. पुढे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकसंध टप्पा मानला, आणि 2022 पासून ‘पाळणा’ योजनेने अंगणवाडीस पाळणाघर जोडण्याची सोय केली. एका कुंपणात असलेले घटक असे दोन योजनांत विभागले गेले आहेत.

कोसबाडचे अंधानुकरणही इष्ट ठरणार नाही. चाकणच्या खोलीतील मुलापुढे शिंपले मांडणे ही केवळ नक्कल होईल; त्याच्या परिसरात पुठ्ठ्याची खोकी, बाटल्यांची झाकणे व रिकामी रिळे आहेत. भाषेचा प्रश्न याहून बिकट आहे. कोसबाडच्या शिक्षिकेस मराठी व वारली बोली यांमधील अंतर तोडावयाचे होते. येथे एकाच सतरंजीवर भोजपुरी, ओडिया व मराठवाडी बोलणारी मुले बसतात, आणि वर्ष संपण्याआधी त्यांतील काहींचे बिऱ्हाड हललेले असते. ताराबाईंच्या पद्धतीत मुलाचे गाव स्थिर आहे असे बव्हंशी धरलेले होते. फिरत्या बिऱ्हाडाच्या मुलासाठी त्या पद्धतीत काय बदलावे लागेल, याचा विचार मराठी शिक्षणशास्त्राने अद्याप पुरेसा केलेला नाही.