घड्याळ लावून रचलेले पत्ते

झब्बू किंवा मेंढीकोट खेळताना पत्त्यावर वाचण्यासारखं काही नसतं. बदामची राणी प्रत्येक कॅटमध्ये तीच, आणि नियम खेळणाऱ्यांच्या डोक्यात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचंही तेच. 120 पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्य किंवा कूर्म कसा रंगवायचा हे चिताऱ्याच्या हातात असतं, डावाचा नियम नसतो. 1993 साली आलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग'नं हे नातं उलटं केलं. तिथे प्रत्येक पत्ता आपला नियम अंगावर छापून येतो. त्यामुळे नवा पत्ता करणं म्हणजे खेळाच्या घटनेत एक कलम वाढवणं. दोन-अडीचशे पत्त्यांचा अख्खा संच करणं म्हणजे काय, याचा अंदाज यावरून यावा.

हा उद्योग कंपनीतले लोक पगार घेऊन करतात, तसेच हौशी लोक फुकट करतात. मी असे हौशी संच गेली काही वर्षं नेमानं वाचतो. त्यातला एक प्रकार मला विशेष खुणावतो, तो म्हणजे मुदतीचा संच. महिनाभरात, आठवड्यात, कधी एका शनिवार-रविवारात संच रचून दाखवायचा. 'मॅजिक सेट एडिटर' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात मजकूर भरला की छापील पत्त्यासारखा दिसणारा पत्ता तयार होतो. साधन हाताशी आहे, उरतो तो वेळ. या प्रकाराचं कौतुक बहुतेकदा वेगाचं होतं, 'एवढ्या दिवसांत एवढे पत्ते!' मला ते कौतुक चुकीच्या जागी होतंय असं वाटतं. मुदतीचा खरा उपयोग वेगळा आहे. रचणाऱ्याला काय महत्त्वाचं वाटतं, हे ती उघडं पाडते.

मुळात हा खेळच एका अटीतून जन्मला. रिचर्ड गारफील्ड हे गणिताचे अभ्यासक, 1991 मध्ये 'रोबोरॅली' नावाचा बोर्डगेम घेऊन पीटर अ‍ॅडकिसन यांच्याकडे गेले. अ‍ॅडकिसन यांची कंपनी, 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट', तेव्हा लहान होती. असा मोठा बोर्डगेम काढणं तिला झेपणारं नव्हतं. त्यांना हवा होता स्वस्तात छापता येईल, खिशात मावेल आणि संमेलनातल्या दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात खेळून होईल असा खेळ. गारफील्ड यांचं उत्तर म्हणजे 'मॅजिक'. पहिल्या, 'अल्फा' आवृत्तीत 295 पत्ते होते.

त्यातल्या पाच पत्त्यांचा एक गट संच रचू पाहणाऱ्या प्रत्येकानं समोर ठेवावा असा आहे. खेळात पाच रंग आहेत: पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. जमिनीचा पत्ता आडवा केला की 'माना' मिळतो, आणि तो खर्चून बाकीचे पत्ते खेळता येतात. या गटात प्रत्येक रंगाला एक पत्ता, किंमत एकच माना, आणि प्रत्येक पत्ता कशाचे तरी तीन देतो. पांढरा 'हीलिंग साल्व्ह' तीन आयुष्यगुण देतो किंवा तीन इजा थोपवतो. निळा 'अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल' तीन पत्ते हातात देतो. काळा 'डार्क रिच्युअल' तीन माना, लाल 'लाइटनिंग बोल्ट' तीन इजा, हिरवा 'जायंट ग्रोथ' एखाद्या प्राण्याला एका टर्नपुरतं तीन-तीन बळ.

कागदावर ही रचना अगदी सुडौल आहे. कवितेत असती तर आपण दाद देऊन पुढे गेलो असतो. खेळात मात्र तीन म्हणजे तीन नसतात. तीन पत्ते आणि तीन आयुष्यगुण यांच्या मोलात जमीन-अस्मानाचा फरक निघाला. 'अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल' आज खेळाच्या इतिहासातल्या सर्वांत ताकदवान पत्त्यांत गणला जातो. 'व्हिंटेज' प्रकारात त्याची एकच प्रत चालते, 'लेगसी'त त्यावर बंदी आहे. 'हीलिंग साल्व्ह' कुणी सहसा हातात धरत नाही. वाचताना जे समतोल वाटतं ते खेळताना समतोल असेलच असं नाही, हा धडा पहिल्याच आवृत्तीत आहे. मुदतीचे संच वाचताना मला तो वारंवार आठवतो.

घड्याळ सुरू झालं की बहुतेक जण काय करतात? ज्या पत्त्यांनी त्यांना इथवर आणलं, ते आधी रचतात. देव, ड्रॅगन, सिंहासनावरची राणी, जग बुडवणारा मंत्र. हे सगळे 'रेअर' आणि 'मिथिक'. त्यांच्यावर मजकूर भरपूर, कल्पना जोरकस. मग मुदत संपत येते आणि 'कॉमन' पत्त्यांच्या रिकाम्या जागा भरायच्या राहतात. त्या उरलेल्या रात्री कशातरी भरल्या जातात. संचाची यादी क्रमानं वाचत गेलं की हा थकवा स्पष्ट दिसतो.

आता आकडे पाहा. 2014 च्या 'खान्स ऑफ तार्कीर' या छापील संचात 269 पत्ते आहेत: 101 कॉमन, 80 अनकॉमन, 53 रेअर, 15 मिथिक आणि 20 मूळ जमिनी. पाकिटात मात्र हे प्रमाण आणखी झुकतं. तेव्हाच्या पंधरा पत्त्यांच्या पाकिटात दहा कॉमन, तीन अनकॉमन आणि रेअर किंवा मिथिक मिळून साधारण एकच असे. 'ड्राफ्ट'साठी आठ जण बसतात, प्रत्येकी तीन पाकिटं फोडतात, एकेक पत्ता उचलून पाकीट शेजाऱ्याकडे सरकवतात. म्हणजे तेव्हा त्या टेबलावर 240 कॉमन येत आणि रेअर जेमतेम 24. संध्याकाळभर माणसं खेळतात ती कॉमन पत्त्यांशी. राणी दिसली तर दिसली.

मार्क रोझवॉटर हे 'मॅजिक'चे अनेक वर्षांचे मुख्य डिझायनर. त्यांनी 2011 मध्ये 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' या नावानं मांडलेलं धोरण याच पत्त्यांबद्दल होतं: कॉमन पत्त्यांवरची गुंतागुंत आटोक्यात ठेवायची, कारण नवा खेळाडू सर्वांत आधी त्यांनाच भेटतो. यावर 'म्हणजे कॉमन पत्ते कंटाळवाणे' असा आक्षेप हौशी मंडळींकडून येतो. तो मला पटत नाही, आणि का ते एका उदाहरणानं सांगतो.

मी वाचलेल्या दोन संचांत योगायोगानं एकच कल्पना होती, उधारीची. पत्ता आज स्वस्तात खेळा, बाकी उद्या चुकवा. पहिल्या संचात सावकारांचा एक रेअर होता, त्यावर सात ओळींचा मजकूर, हप्ते मोजायला खुणा, चुकवलं नाही तर जप्ती. वाचायला झकास. त्याच संचातले कॉमन मात्र कुठल्याही संचात खपले असते. उधारी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. दुसऱ्या संचात एक लाल कॉमन होता. दोन माना, तीन बळाचा प्राणी, आणि एकच ओळ: हा आला की तुमची एक जमीन पुढच्या टर्नला उभी होत नाही. असंच काहीसं तत्त्व 'हार्थस्टोन' या संगणकावरच्या खेळात 'ओव्हरलोड' नावानं आहे, त्यामुळे कल्पना अगदी नवी नाही. पण या एका ओळीमुळे खेळाडूला प्रत्येक डावात ठरवावं लागतं: आज घाई करू, की उद्याचा हात मोकळा ठेवू? कर्जात माणूस हेच ठरवत असतो. पहिल्या संचानं सावकारीचं चित्र काढलं; दुसऱ्यानं ती खेळाडूच्या गळ्यात घातली, तीही पाकिटागणिक भेटू शकणाऱ्या पत्त्यातून.

इथे मुदतीच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी. वेळ कमी असला की माणूस कल्पना फेकून देतो, आणि चांगल्या संचाला फेकून दिलेल्या कल्पनांची फार गरज असते. बेमुदत चाललेले हौशी संच मी पाहिले आहेत. त्यांत सहा-सहा यंत्रणा एकमेकींच्या पायात पाय घालून उभ्या असतात, कारण कुणालाच घराबाहेर काढायची वेळ आली नाही.

पण मुदतीला एक गोष्ट जमत नाही: खेळून पाहणं. 'खान्स'मध्येच 'मॉर्फ' होता. पत्ता तीन मानाला पालथा खेळायचा, तो 2/2 बळाचा अनोळखी प्राणी ठरतो, आणि पुढे किंमत भरून तो उलटवता येतो. हा संच करणाऱ्यांनी एक दंडक पाळला: पाच मानापेक्षा कमी खर्चात उलटून, समोरच्या पालथ्या पत्त्याला मारून स्वतः जिवंत राहील असा मॉर्फ ठेवायचा नाही. त्यामुळे पाचवी जमीन येईपर्यंत निर्धास्त लढता येतं, आणि त्यानंतर घाबरायचं हे खेळाडूला कळतं. हा दंडक कुठल्याही पत्त्यावर छापलेला नाही. मॉर्फ पहिल्यांदा आला 2002 च्या 'ऑनस्लॉट'मध्ये. म्हणजे बारा वर्षांचं खेळणं पाठीशी होतं. असं शहाणपण महिन्याभरात, एकट्यानं, पडद्यासमोर येत नाही.

आपल्याकडच्या समस्यापूर्तीत चरण दिला जाई, कवी तिथल्या तिथे श्लोक पुरा करी, आणि तो म्हणून दाखवला की सभेला निवाडा करता येई, कारण श्लोक ऐकण्यातच पूर्ण होतो. पत्ता वाचण्यात पूर्ण होत नाही. तरीही मुदतीच्या संचांचा निवाडा वाचूनच होतो. त्यामुळे वाचायला छान असे पत्ते जिंकतात, आणि पुढच्या वेळी सगळे तसेच पत्ते रचतात. कंपनीनं 2006, 2010 आणि 2018 मध्ये 'ग्रेट डिझायनर सर्च' ही स्पर्धा घेतली. त्यात पत्ते आणि परीक्षकांचे शेरे सगळ्यांना वाचता येत, आणि जिंकणाऱ्याला डिझाइन विभागात इंटर्नशिप मिळे. तिथे निवडलेल्याला पुढे टेबल मिळणार होतं, सहकारी मिळणार होते. हौशी माणसाला यातलं काही मिळत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो वाचकाचा अभिप्रायच, म्हणून तो अभिप्राय योग्य जागी पडायला हवा.

माझी सूचना साधी आहे. संच लहान करा; साठ पत्ते पुरेत, त्यातले चाळीस कॉमन. महिन्याची मुदत असेल तर शेवटचा आठवडा रचण्यासाठी वापरायचाच नाही. साध्या कागदावर छापून, जुन्या पत्त्यांवर चिकटवून, दोन मित्रांना धरून तीन संध्याकाळी खेळायचं आणि पडलेले पत्ते काढून टाकायचे. परीक्षकांनीही यादी शेवटाकडून वाचावी, म्हणजे आधी कॉमन, मग उरलेलं. मी तसंच वाचतो. पहिल्या दहा कॉमनमध्ये संचाचं म्हणणं सापडलं, तर राणी कशीही असली तरी मी तो संच छापून घेतो.